ओल, बुरशी आणि बासरी-सनई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहतो, बासरी शिकवतो आणि जमेल तशी वाद्यांची डागडुजीही करतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की फोन सुरू होतात. कुणाच्या बासरीला पांढरी लव आलेली असते, कुणाच्या सनईची पत्ती, म्हणजे तोंडात धरून फुंकायची दुपाकळी पात, मिटून बसलेली असते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. बासरीबद्दल जास्त लिहिलंय, कारण हातात तीच जास्त असते. सनई आणि बँडवाल्यांचं क्लॅरोनेटही मध्ये मध्ये येईल.

वाजवताना बासरीच्या टोकातून पाणी गळतं. ती थुंकी असते का?

जवळजवळ नाहीच. ते श्वासातल्या वाफेचं पाणी. तोंडातून बाहेर पडणारी हवा ३४ अंशांच्या आसपास असते आणि ओलीचिंब असते. अशा हवेत घनमीटरमागे ३७-३८ ग्रॅम वाफ मावते. बासरीची आतली भिंत २५ अंशांवर असेल, तर तिथल्या हवेत जेमतेम २३ ग्रॅम मावते. उरलेली वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते. फ्रिजमधलं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तोच प्रकार इथे आतून होतो.

बासरीत फुंकेतला काही भागच आत जातो, बाकीचा भोकावरून बाहेर निसटतो. सनई आणि क्लॅरोनेटमध्ये मात्र सगळा श्वास नळीतूनच जातो. त्यामुळे तासाभराच्या वादनानंतर ती वाद्यं बासरीपेक्षा कितीतरी जास्त भिजलेली असतात. सनईवाल्यांनी आळस केला तर त्यांना तो लवकर भोवतो.

पाणी तर रोजच साठतं. मग बासरी एखाद्याच दिवशी का तडकते?

पाण्याने तडकत नाही, सुकण्याच्या घाईने तडकते. ही एक गोष्ट डोक्यात बसली तर पुढची अर्धी उत्तरं वाचली नाहीत तरी चालतील.

बांबूची बाहेरची हिरवी-पिवळी साल मेणचट असते, तिच्यातून पाणी सहसा शिरत नाही. आतली भिंत मऊ आणि तहानलेली. ओल आतून आणि कापलेल्या तोंडांतून शिरते. बांबूचे तंतू उभे असतात. ओल पिऊन बांबू लांबीला वाढत नाही, आडवा फुगतो. सुकताना आडवाच आकसतो. सगळी भिंत सावकाश आकसली तर काही होत नाही. एक थर आकसला आणि दुसरा अजून फुगलेलाच असला की ताण कुठेतरी मोकळा व्हावाच लागतो, आणि तो तंतूंच्या रेषेत, म्हणजे उभा मोकळा होतो. बहुतेक तडे फुंकेच्या भोकापासून किंवा बोटांच्या भोकांच्या रांगेतून का निघतात तेही यातच आलं. तिथे तंतू आधीच तुटलेले असतात.

म्हणून आमच्याकडे जुलैत ९० टक्के आर्द्रतेत महिनाभर राहिलेली बासरी शाबूत असते, आणि तीच बासरी एका रात्रीच्या गाडीने मे महिन्यातल्या नागपुरात पोचली की दुपारी ‘टक्’ करते. विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. बासरीवर ठिकठिकाणी दोरा गुंडाळलेला असतो तो शोभेचा नाही. या आडव्या ताणाला आवळून धरायला असतो.

वाजवून झाल्यावर नेमकं काय करायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. आधी बासरी उभी धरा, उघडं टोक खाली, आणि हलकेच झटका. जोरात आपटायची नाही. मग गजाला फडका गुंडाळून उघड्या टोकातून आत घाला आणि बुचापर्यंत न्या. बूच म्हणजे फुंकेच्या भोकापलीकडे नळी बंद करणारा कॉर्क. गज फिरवत न्यायचा, फिरवत काढायचा, ढकलायचा नाही. पहिल्या फेरीत फडका ओला येतो, तो उलटा करून दुसरी फेरी.

लोक चुकतात ते इथेच. फडका पोचतो फुंकेच्या भोकापर्यंत, आणि भोक ते बूच हा बोटाच्या रुंदीएवढा खळगा तसाच राहतो. सगळ्यात जास्त ओल तिथे, वाऱ्याचा संबंध नाही, आणि बुरशी पहिल्यांदा धरते तीही तिथेच. मोबाइलची बॅटरी लावून भोकातून तिरपं बघा, खरंखोटं कळेल. फडक्याचं टोक गजाच्या पुढे थोडं सुटं ठेवलं की ते त्या खळग्यात शिरतं.

मग बासरी लगेच गवसणीत घालायची नाही. अर्धा-पाऊण तास घरातल्या हवेत, पंख्याच्या थेट झोतात नाही, आडवी पडू द्या. नंतर गवसणी. पावसाळ्यात मी ती गवसणीसकट कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो, भिंतीला टेकवून नाही. कौलारू घरात राहत असाल तर भिंतीची ओल काय असते हे मी सांगायला नको.

फडका कोणता घ्यावा?

आजोबांच्या धुवून धुवून मऊ झालेल्या धोतराचा किंवा जुन्या मलमलचा. टॉवेलचा तुकडा नको, त्याचे धागे आत अडकतात. नवं सुती कापड पाणी ओढत नाही, त्याला खळ असते. दोन-चारदा धुवून मग वापरा. फडका रोज वाळत घाला. ओला फडका गवसणीच्या खिशात कोंबून ठेवणारे लोक बासरी पुसतात की बुरशी पेरतात, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

तेल लावायचं का? कोणतं, किती, केव्हा?

लावायचं. तेलाने ओल पूर्ण थांबत नाही, पण तिचं आत-बाहेर करणं सावकाश होतं, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

परंपरेने मोहरीचं तेल लावतात. बासऱ्या जिथे मोठ्या प्रमाणावर बनतात त्या उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतकडे आणि एकूणच उत्तरेत तेच हाताशी असतं. ते चालतं, फक्त वास उग्र आणि जास्त झालं तर चिकट. मी गोडं बदाम तेल वापरतो. पातळ असतं, आत चांगलं मुरतं, तोंडाजवळ नेलं तर नाक मुरडावं लागत नाही. कोकणातल्या माणसाचा हात आधी खोबरेल तेलाकडे जातो. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत नळीत पांढरा थर दिसला तर ती बुरशी नसून तुमचंच तेल असू शकेल. शेंगदाण्याचं तेल खवट होतं, आणि मुंग्या येतात तो भाग वेगळा.

जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून काही कारागीर ते पसंत करतात. त्यात एक धोका आहे. जवसाच्या तेलात भिजलेला फडका गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. असा फडका पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

प्रमाण म्हणाल तर मोठ्या बासरीला, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) पांढरी दोन-पांढरी तीन या पट्टीतल्या, फडक्यावर चहाचा अर्धा चमचा तेल पुष्कळ झालं. बासरी आतून खडखडीत वाळलेली असताना लावायचं. ओलीवर तेल लावलंत तर ओल कोंडली जाते. रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून काढा. फुंकेच्या भोकाची कड आणि बोटांच्या भोकांच्या कडा कोरड्या राहू द्या. फुंकेच्या कडेवर तेलाचा थर बसला की आवाज फाटतो, आणि मग माणूस आठवडाभर स्वतःच्या ओठांना दोष देत बसतो. बुचाला तेल लागू देऊ नका, ते सरकेल आणि सप्तक बिघडेल.

वर्षातून दोनदा तर हवंच : मेच्या शेवटी आणि दिवाळी झाल्यावर. मधल्या काळात नळी आतून पांढुरकी, कोरडी दिसली तर आणखी एकदा.

सनईची पत्ती एकदा वाळून वाकडी होते, एकदा भिजून मिटते. करू काय?

पत्तीचं दुखणं बासरीच्या उलट आहे. पत्ती ताडाच्या पानाची असो की नरकटाची, ती ओली असल्याशिवाय बोलत नाही. म्हणून वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवतात. पण कार्यक्रम लांबला की ती जास्तच पाणी पिते, दोन्ही पाकळ्या मऊ होऊन एकमेकींना चिकटतात, आणि फुंक आत जाईना होते. सनईला दोऱ्याने दोन-चार जादा पत्त्या आणि एक सुई लटकवलेली असते ती यासाठीच. लग्नाच्या मंडपात बसलेला जाणता सनईवाला बघा. एक पत्ती थकली की ती काढून लोंबत सोडतो आणि दुसरी चढवतो. पहिली तोवर वाऱ्यावर सुकते.

घरी आल्यावर पत्ती नळीवरून काढा, बोटांनी हलकेच दाबून पाणी काढा, सुईने तोंड उघडं आहे ना बघा आणि भोकं पाडलेल्या डबीत ठेवा. गोळ्यांची घट्ट झाकणाची डबी वापरतात, ती नको. एका रात्रीत आंबूस वास येतो. आणि वादनाआधी तोंड खळखळून चूळ भरा. वडापाव, चहा, सुपारी यातली साखर-पीठ थुंकीबरोबर पत्तीत जातं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. मंडपात यजमान आग्रहाने सरबत आणून देतात तेव्हा हे पाळणं अवघड असतं, मान्य आहे.

सनईचं लाकूड मात्र बासरीसारखंच सांभाळायचं. आतून पुसा, अधूनमधून तेलाचा हात द्या. खालचा पितळी भाग काढता येत असेल तर काढून जोड पुसा. पितळ आणि लाकूड यांच्या मध्ये पाणी राहिलं की हिरवट कळंक चढतो आणि तिथलं लाकूड काळं पडतं.

पीव्हीसी पाईप कापून बासरीची पेटी केली आहे. पावसाळ्यात चालेल का?

प्रवासाला उत्तम. साठवणीला वाईट, जर दोन्ही टोपणं घट्ट असतील तर.

हे मी माझ्या खर्चाने शिकलो. काही वर्षांपूर्वी जुलैत एका कार्यक्रमाहून रात्री भिजत आलो. बासरी वरवर पुसली, पाइपात घातली, टोपणं लावली आणि तापाने आडवा झालो. तीन आठवड्यांनी टोपण काढलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. नळी आतून करड्या-हिरव्या लवेने भरलेली, दोऱ्याच्या गुंडाळ्यांवर काळे ठिपके, आणि बूच फुगून तिरकं झालेलं. पाइपात ना पाऊस गेला होता ना बाहेरची हवा. होती ती माझ्याच श्वासाची ओल, आणि तिला जायला वाट नव्हती.

आता माझ्या पाइपाच्या दोन्ही टोपणांना चार-चार भोकं आहेत, आतून बारीक जाळी चिकटवलीय आणि बासरी सुती गवसणीतच आत जाते. घरी पोचलो की पाईप उघडायचा, मग चहा. गवसणीचं कापडही बघून घ्या. रेक्झिनची गवसणी दिसायला छान, पण ती पाइपाचीच बहीण. खादी किंवा जाड सुती बरी.

सिलिका जेलच्या पुड्या, तांदूळ, मीठ, डांबरगोळ्या, यातलं काय ठेवू?

सिलिका जेल जून ते सप्टेंबर ठेवा, तेही बासरीला न टेकवता आणि वाद्य आधी पुसून वाळवल्यावर. बुटाच्या खोक्यातली चिमूटभर पुडी तीन फुटी पेटीला पुरत नाही. ५०-१०० ग्रॅम लागतं. नारिंगी रंगाचं मिळतं, ओल प्यायलं की हिरवट होतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. निळं-गुलाबी होणाऱ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकघरात नको. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पुड्या काढून टाका. एकदा काढायला विसरलेल्या पुड्यांनी डिसेंबरात फोडलेली बासरी माझ्या टेबलावर आलेली आहे.

तांदूळ फारशी ओल ओढत नाही, टोके-पोरकिडे मात्र आणतो. मीठ पाणी सोडतं. डांबरगोळ्या नकोच, त्याची वाफ लाकडात मुरते आणि दर श्वासाला तुम्ही ती ओढता.

आर्द्रता मोजायचं यंत्र घ्यावं का?

घ्या, छोटं डिजिटल स्वस्तात मिळतं. ४० ते ६० टक्के म्हणजे वाद्य सुखात. ७५-८०च्या वर दिवसच्या दिवस राहिलं की बुरशीची तयारी, ३०च्या खाली गेलं की तड्याची. ही यंत्रं थापा मारतात, म्हणून एकदा मिठाने तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ, त्यावर ओलसर लगदा होईल एवढंच पाणी, आणि टोपण व यंत्र एकाच घट्ट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवलं तर तुमचं यंत्र सहाने जास्त बोलतं, एवढं लक्षात ठेवायचं.

एसी गाडीतून उतरून पेटी उघडली तर बासरी बाहेरूनही ओली झाली! हे काय?

गाडीत बासरी २२ अंशांना थंड झाली. बाहेर पावसाळी हवा २८ अंशांची, ८५ टक्के ओली. अशा हवेतली वाफ २५ अंशांपेक्षा थंड दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर पाणी होऊन बसते. चष्म्यावर बसते, बासरीवरही बसते. उपाय सोपा : पेटी बंदच ठेवून २० मिनिटं थांबा, वाद्य बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरून एसी सभागृहात जाताना, पाणी बसत नाही पण वाद्य आतून भराभर भिजतं, कारण भिंत थंड आणि श्वास गरम. अशा वेळी वादनाआधी भोकं बंद करून नळीत संथ गरम हवा सोडा, किंवा बासरी काखेत धरून बसा. विंगेत काखेत बासरी धरून येरझारा घालणारे कलाकार दिसतात, ते विचारात गढलेले असतीलही, पण बहुधा बासरी गरम करत असतात.

पावसाळ्यात बासरी बेसूर होते का?

ओलीपेक्षा तापमानाने होते. नळीतली हवा एक अंशाने तापली की स्वर सुमारे ३ सेंट चढतो, आणि अर्ध्या स्वराचे १०० सेंट. थंड सभागृहात ८ अंशांचा फरक पडला तर पाव भाग अर्धस्वर उतरला, तो तानपुऱ्यासमोर लपत नाही. पाण्याचा थेंब बोटाच्या भोकात अडकला तर तो स्वर गुळगुळतो. त्या भोकावर बाहेरून फुंकर मारा, थेंब जातो.

उन्हात वाळवू का? हेअर ड्रायर?

नाही. दोन्ही नाही. फ्रिजच्या मागे, गॅसजवळ, बंद गाडीच्या मागच्या काचेखालीही नाही.

बुरशी आलीच आहे. आता?

घाबरू नका, बहुतेक वेळा बासरी वाचते. गॅलरीत जा, नाक-तोंड बांधा, आणि कोरड्या फडक्याने आधी लव पुसून काढा. तो फडका टाकून द्या. मग दुसऱ्या फडक्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन आतून फिरवा. बाहेरून पॉलिश असेल तर तिथे स्पिरिट लावू नका, पॉलिश विरघळतं. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, वास गेला का बघा, मग तेल. सुती दोऱ्याच्या गुंडाळ्या काळ्या पडल्या असतील तर त्या सोडून नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा गुंडाळा. गवसणी उकळत्या पाण्यात धुवा, नाहीतर आठ दिवसांनी पुन्हा तेच.

सनईच्या पत्तीवर बुरशी दिसली तर मात्र पुसापुशी नको. ती तोंडात जाणारी वस्तू आहे. टाका.

बुरशीने खरंच आजार होतो, की उगाच भीती?

होतो. ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली इंग्लंडमधल्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थाची केस छापून आली. ते रोज बॅगपाईप वाजवायचे. काही वर्षं खोकला आणि धाप, फुप्फुसं निकामी होत गेली. मधे तीन महिने ते ऑस्ट्रेलियाला गेले, वाद्य घरीच होतं, आणि तेवढ्या काळात त्यांना बरं वाटलं. डॉक्टरांनी वाद्याच्या पिशवीतून, गळ्यातून आणि पत्तीवरून नमुने घेतले तर त्यात तऱ्हेतऱ्हेची बुरशी निघाली. ते गृहस्थ वाचले नाहीत. बॅगपाइपात ओली पिशवी असते, बासरी तितकी कोंदट नसते, त्यामुळे झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण ज्या बासरीला वास येतोय ती तशीच तोंडाला लावू नका, आणि वर्गातल्या सामाईक बासऱ्या मुलांना देण्याआधी आतून बघा. वाजवलं की हटकून खोकला सुरू होत असेल तर डॉक्टरांना तुम्ही कोणतं वाद्य वाजवता तेही सांगा. ते बहुधा स्वतःहून विचारणार नाहीत.

बासरीखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडते. ही बुरशीच का?

नाही, भुंगा लागलाय. बांबूतल्या पिष्टासाठी येणारा, मोहरीच्या दाण्याएवढा किडा असतो. बारीक गोल भोक दिसेल. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू टिकतो असं जुने लोक सांगतात. चंद्राचं मला माहीत नाही, पण तोडायचा हंगाम महत्त्वाचा असतो, कारण बांबूतलं पिष्ट ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणून आसाम-सिलचरकडचा पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू आणून तो वर्ष-वर्ष सावलीत मुरवणारा कारागीर जास्त पैसे मागतो तेव्हा घासाघीस करू नये.

उपाय : बासरी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर तिच्यावर वर सांगितलेलं पाणी बसेल. खडखडीत वाळलेल्या बासरीलाच हे चालतं. भोकं मेणाने बुजवा. कोकणात सुपं-रोवळ्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवतात, तीही भुंग्यापासून वाचवण्याचीच युक्ती, पण धुरकट बासरी तोंडाला लावायची तुमची तयारी हवी.

तडा गेलाय. बासरी गेली का?

आधी तडा आरपार आहे का बघा. सगळी भोकं आणि उघडं टोक बंद करून फुंकेच्या भोकातून हवा ओढा. ओठाला घट्ट ओढ बसली तर तडा वरवरचा आहे. ओढ सैल असेल तर आरपार. वाद्य पूर्ण वाळलेलं असताना पातळ झटपट-गोंद तड्यात थेंब-थेंब सोडा, तो आपणच ओढला जातो. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना दोरा घट्ट गुंडाळा. फुंकेच्या भोकाच्या कडेतून गेलेला तडा असेल तर कारागिराकडेच द्या. ती कड एकदा बिघडली की बासरी वाजते, पण ती बासरी राहत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत क्लॅरोनेट भिजतं. बँडवाल्यांसाठी काय?

वरून पाऊस, आतून श्वास, आणि सहा तास खांद्यावर. याहून वाईट परीक्षा नाही. क्लॅरोनेट एबोनाइट किंवा प्लास्टिकचं असेल तर नळीची चिंता नको, पण पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) आणि जोडांवरचे कॉर्क तर सगळ्यांनाच असतात. मधल्या थांब्यांवर दोरीचा फडका नळीतून एकदा ओढून घ्या. चावी चिकटायला लागली तर पॅडखाली सिगारेटच्या पाकिटातला नव्हे, सिगारेट वळायचा पातळ कागद घाला, चावी हलकेच दाबा, कागद उचलून पुन्हा नवीन जागा. दाबलेली असताना ओढू नका, पॅडची कातडी फाटते.

रात्री कितीही दमला असलात तरी वाद्य जोडलेलं ठेवून झोपू नका. जोड ओलीने फुगतात आणि सकाळी सुटत नाहीत. असं झालंच तर पिळून काढू नका, कोरड्या जागी काही तास ठेवा, आपोआप सैल होतं. लाकडी असेल तर ते बहुधा आफ्रिकेतल्या ग्रेनाडिलाचं, महाग. नवं असताना पहिले काही आठवडे रोज १५-२० मिनिटांवर वाजवूच नका. सरळ मिरवणुकीला तर नाहीच.

मुलगा टोरांटोला बासरी घेऊन चाललाय. तिथे तर थंडी, मग ओलीचा प्रश्न मिटला ना?

उलटा झाला. तिथल्या हिवाळ्यात घर तापवलं की आतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. इथून गणपतीनंतर गेलेली फुगलेली बासरी नाताळच्या आसपास तडकते. मला येणाऱ्या परदेशी फोनांपैकी बहुतेक डिसेंबर-जानेवारीतले. त्याला सांगा, निघायच्या महिनाभर आधी बासरी कोरड्या खोलीत ठेव, तेलाचा हात दे. तिथे बंद पेटीत ठेव, आणि पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी, डबीत पिळून काढलेला ओलसर स्पंज. स्पंज दर आठवड्याला धुवायचा. ओल वाढली की शोषणारी आणि घटली की सोडणारी तयार पाकिटं तिकडे मिळतात, ४९ टक्क्यांची घ्यावी. हीटरच्या झडपेसमोर बासरी ठेवू नये.

बासरी पुराच्या पाण्यात बुडाली होती. काही आशा आहे?

२२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला, त्यानंतर काही वाद्यं माझ्याकडे आली. दोन सनया, चार-पाच बासऱ्या, सगळ्या गाळाने भरलेल्या. आधी स्वच्छ पाण्याने धुतल्या, कारण गाळ आत वाळला की खरवडावा लागतो आणि नळी खराब होते. मग पुसून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि सावलीत ठेवल्या. पहिले आठ दिवस कागद रोज दोनदा बदलले, मग दिवसाआड. कागद एकदम काढून टाकला नाही, कारण सुकणं हळूच हवं होतं. एक सनई जोडात उकलली, दोन बासऱ्या तडकल्या.

त्यातली पांढरी दोनची एक लांब बासरी मात्र मी घरच्या वजनकाट्यावर रोज तोलत होतो. पाणी जातंय तोवर आकडा उतरत राहतो. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरला, मग ग्रॅम-दोन ग्रॅमने, मग दोन दिवसांत एकने. सप्टेंबर उजाडल्यावर सलग सहा दिवस आकडा हलला नाही. सातव्या दिवशी तेल लावलं, आठव्या दिवशी ती ज्या मुलीची होती तिला फोन केला. त्या मुलीने बासरी हातात घेतल्यावर आधी नाकाशी नेली, वास घेतला, आणि मग ओठाला लावली.